कुत्रा मरता कामा नये

पुण्यातल्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत मी दुभाषी म्हणून बसले होते. एका जपानी चित्रकथेवरून, त्यांच्या भाषेत मांगावरून, मालिका निघायची होती. एकट्याचा पैसा बुडू नये म्हणून प्रकाशक, वाहिनी, गाण्यांची कंपनी आणि आपल्याकडचे एक खेळणीवाले असे चौघे मिळून भांडवल घालत होते. हक्कही चौघांत वाटले जाणार होते.

खेळणीवाले मला म्हणाले, "मॅडम, बाईंना सांगा, कुत्रा मरता कामा नये. मेलेल्या कुत्र्याचं खेळणं कोण घेईल?"

मी सांगितलं. चित्रकथा काढणाऱ्या त्या वयस्कर बाईंनी समोरच्या पानावरल्या कुत्र्यावर अलगद हात ठेवला, लहान मुलाचे कान झाकावेत तसा. कुणी एकट्यानं बसून काढलेलं काही मोठं व्हायचं, तर ते किती जणांच्या हाती द्यावं लागतं! आणि त्यांतलं कुणी वाईटही नसतं.

"नाही म्हटलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर आम्ही यात नाही," खेळणीवाले शांतपणे म्हणाले. बाकीचे तिघे खाली बघू लागले.

"जगू दे त्याला," बाई म्हणाल्या. मग फक्त मला ऐकू येईल असं पुटपुटल्या, "पण तो मेला नाही, तर चित्रकथेतली ती मुलगी घराबाहेर पडणारच नाही. मग गोष्ट कुठली?"

"हे सांगू त्यांना?"

त्यांनी घाबरून नकारार्थी मान हलवली. मी पहिलं वाक्य तेवढं मराठीत सांगितलं. टाळ्या वाजल्या.