कार्ड माझ्या नावाचं

दुबईत मोजणीच्या नकाशावर सही करायची तर सर्व्हेअर सरकारमान्य असावा लागतो. नुसत्या डिग्रीवर भागत नाही. तिच्यावर शिक्के लागतात, अनुभवाचे दाखले लागतात, लेखी परीक्षा असते आणि शेवटी प्रात्यक्षिक. बाकीचं सगळं मी पहिल्या झटक्यात पार केलं होतं. इथल्या एका कन्सल्टंटकडे अकरा वर्षं नोकरी झाली होती. प्रात्यक्षिकाला मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून निवांत गेलो.

परीक्षकाने मागच्या मोकळ्या जागेत जमिनीत ठोकलेली खुंटी दाखवली. "यंत्र हिच्यावर बसवा. दहा मिनिटं."

तिपाई उभी करायची, यंत्र बरोब्बर खुंटीच्या डोक्यावर आणायचं आणि त्यातला बुडबुडा मध्यावर आणून यंत्र समतल करायचं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात. मी बुडबुडा मध्यावर आणला, तर यंत्र खुंटीवरून सरकलं. खुंटी गाठली, तर बुडबुडा कडेला गेला. दहाची पंधरा मिनिटं झाली. शर्ट पाठीला चिकटला.

"हे स्वतःच्या हाताने शेवटचं कधी केलं होतं?" परीक्षकाने शांतपणे विचारलं.

"गेल्या आठवड्यात, सर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, फॉर्मवर दोन शब्द लिहिले आणि महिन्याने परत यायला सांगितलं.

खरं म्हणजे साइटवर मी पोहोचायचो तेव्हा यंत्र लागलेलं असायचं. आमच्या टीममधले एक सर्व्हे हेल्पर ते लावायचे. पन्नाशी ओलांडलेला, गोरखपूरकडचा माणूस. सगळे त्यांना चाचा म्हणत. ते मुहैस्नाहला कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचे. मी फक्त डोळा लावून बटणं दाबायचो आणि उरलेलं काम एसीत बसून कॉम्प्युटरवर करायचो.

त्या दिवशीही तेच कंपनीची पिकअप घेऊन बाहेर थांबले होते. "हो गया, साहब?"

"एक पेपर कम पड़ गया," मी म्हटलं.

करामा भागातल्या आमच्या घरी बायकोला तेच सांगितलं, ऑफिसात मॅनेजरलाही तेच. तिसऱ्यांदा सांगताना मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. मुलगी म्हणाली, "That's so unfair, Baba." मी मान डोलावली.

आमचा जुना मान्यताप्राप्त सर्व्हेअर नोकरी सोडून चालला होता. पुढच्या खेपेलाही मला कार्ड मिळालं नाही, तर कंपनीचा एकही नकाशा स्वीकारला जाणार नव्हता. शेवटी मी चाचांना पार्किंगमध्ये गाठलं आणि खाली बघत म्हटलं, "चाचा, मुझे मशीन लगाना सिखाओगे? ऑफिस में मत बोलना."

"किसको बोलूँगा, साहब?"

रविवारी सकाळी कॅम्पमागच्या रिकाम्या प्लॉटवर आम्ही तिपाई लावली. चाचांनी सांगितलं, एक पाय रोवा, बाकीचे दोन हातात धरा, खालच्या भिंगातून खुंटी दिसेपर्यंत हलवा, मगच ते दाबा. मग त्यांनी माझे दोन्ही अंगठे धरून स्क्रूवर ठेवले. "बुलबुला बाएँ अंगूठे के पीछे चलता है, साहब. बाकी सब भूल जाओ, ये मत भूलना." अकरा वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

कॅम्पमधली पाच-सहा माणसं चहाचे कप घेऊन बघायला आली. एकाने विचारलं, "चाचा, आज छुट्टी में भी ड्यूटी?"

चाचा लगेच म्हणाले, "साहब मुझे सिखा रहे हैं."

माणसांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी स्क्रू फिरवत राहिलो.

तिथेच मला ऑफिसातला एक जुना फॉर्म आठवला. आदल्या वर्षी चाचांनी असिस्टंट सर्व्हेअरच्या जागेसाठी अर्ज केला होता. शिफारशीचा फॉर्म माझ्याकडे आला होता. मी दोन मिनिटांत इंग्रजीत लिहून टाकलं होतं, 'सामान उचलण्याचं काम करतात. तांत्रिक ज्ञान नाही.' त्यावर सही करून मी जेवायला गेलो होतो.

चार रविवार चाचांनी शिकवलं. पाचव्या आठवड्यात मी प्रात्यक्षिक सहा मिनिटांत पास झालो. ऑफिसात मिठाई आली, मॅनेजरने पाठ थोपटली. चाचा दाराशी उभे राहून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते.

दोन दिवसांनी साइटवर जाताना गाडीत मी त्यांना फॉर्मवर काय लिहिलं होतं ते सांगितलं. 

"मालूम है, साहब," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "आपके टेबल से एचआर में मैं ही ले गया था. इतनी अंग्रेज़ी आती है."

"फिर भी सिखाया?"

"आपने पूछा, तो सिखाया."

त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात मी नवी शिफारस लिहिली. मॅनेजरने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "हबीबी, एका वर्षात हा माणूस एवढा शिकला?"

"नाही. मागच्या वर्षी मी त्यांचं काम न बघताच लिहिलं होतं. आणि माझा कुठलाही पेपर कमी पडला नव्हता. मी प्रात्यक्षिकात नापास झालो होतो. मला यंत्र लावायला त्यांनी शिकवलं."

त्याने जुना कागद बाजूला सारला. मग म्हणाला, "खलास, विषय संपला. हे बाहेर बोलू नकोस." त्याने सही केली. तीन महिन्यांनी चाचा असिस्टंट सर्व्हेअर झाले. सरकारी परीक्षेला मात्र त्यांना बसता येत नाही, कारण डिग्री नाही. नकाशावर सही माझीच लागते.

घरी सांगायला मला त्या तीन महिन्यांहून जास्त दिवस लागले. बायकोने कार्डाचा फोटो तोवर दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. एका संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगून टाकलं. बायको म्हणाली, "नापास झालास ते सोड. कॅम्पमधल्या त्या माणसांसमोर गप्प कसा राहिलास?"

मुलगी भात चिवडत होती. "So he knows it better than you, but he can't get the card?"

"नाही मिळत."

"And he knew what you wrote about him. The whole time."

"हो," मी म्हटलं. ती ताट घेऊन उठली आणि आत गेली.