पेढ्यांच्या घरात दूध बंद

"हिला यापुढे दूध द्यायचं नाही," सांगलीच्या विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाईचं नाही, म्हशीचं नाही, शेळीचंही नाही. दही, तूप, लोणी, खवा, काही नाही. मोठेपणी जातं बऱ्याच मुलांचं. पण जाईलच असं धरून बसू नका."

आठ महिन्यांची शर्वरी माझ्या मांडीवर होती. तिच्या पाठीवर निरनिराळे थेंब टोचून बघितले होते. याला स्किन प्रिक टेस्ट म्हणतात. ज्या पदार्थाचं वावडं असेल त्याच्या थेंबाखाली गांध उठते. दुधाच्या थेंबाखाली उठलेली गांध लांबूनही दिसत होती.

माझा नवरा महेश म्हणाला, "पण डॉक्टर, आमचा पेढ्यांचा धंदा आहे."

त्यांनी शर्वरीची पाठ पुसून झबलं खाली ओढलं. मग म्हणाल्या, "मग तुम्हाला जास्त जपावं लागेल."

साताऱ्यात आमचं कंदी पेढ्यांचं दुकान आहे. खाली दुकान आणि भट्टी, वर घर. पहाटेपासून खवा परतायला लागतो. त्या घरात दूध म्हणजे लक्ष्मी. त्याच घरात माझी मुलगी दुधानं आजारी पडत होती.

सुरुवात उष्टावणाला झाली. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, हौसेनं खिरीचं बोट चाटवलं. थोड्याच वेळात तोंडाभोवती लाल चट्टे आले, मग उलट्या. जवळच्या डॉक्टरांनी घामोळं म्हणून पावडर दिली. पुढच्या खेपेला म्हशीच्या दुधात कालवलेला भात दिला, तर ओठ सुजून दुप्पट झाले. तेव्हा माझ्या आईनं सांगलीला बोलावून घेतलं.

आजाराचं नाव काऊज मिल्क प्रोटीन ॲलर्जी. दुधातली प्रथिनं म्हणजे आपल्यावर हल्ला आहे असं शरीर समजतं आणि उलटा मारा करतं. दूध पचत नाही, गॅस होतो, ती गोष्ट वेगळी. तिला लॅक्टोज इनटॉलरन्स म्हणतात. त्यात पोट दुखतं. यात जीव जाऊ शकतो. हा फरक मी इतक्या लोकांना इतक्या वेळा समजावला आहे, की आता तो सांगताना माझा आवाज आपोआप चढतो.

घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. ते हसले. "आगं पोरी, तीन पिढ्या आमी दुधावर जगलो. आमच्या नातीला दूध बाधतंय व्हय? त्या डाक्टरला म्हणावं, साताऱ्याला ये, तुला चांगलं दूध पाजतो."

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या माहेराकडनं आलं आसंल कायतरी."

डॉक्टरांनी शर्वरीसाठी खास पावडर लिहून दिली होती. त्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात, त्यामुळे शरीर त्यांना ओळखत नाही. त्या पावडरीला उग्र वास येई. घरातली माणसं नाकाला पदर लावत आणि म्हणत, "काय बाई, पोरीच्या जिवाला शिक्षा!" इथं एक सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला काजूचं, बदामाचं, नारळाचं घरचं दूध पावडरीच्या जागी देऊ नका. त्यावर बाळ वाढत नाही. मलाही ते विचारावंच लागलं होतं.

एकदा महेश दुकानातून वर आला आणि त्यानं झोपलेल्या शर्वरीच्या गालावरून हात फिरवला. सकाळपासून तो पेढे वळत होता. गालावर त्याची बोटं उमटली. लाल, फुगलेली, मोजता येतील अशी. त्यानंतर तो आंघोळ केल्याशिवाय तिच्याजवळ गेला नाही. पण खाली जाऊन आप्पांना "हे खरं आहे" असंही त्यानं कधी सांगितलं नाही.

ती दीड वर्षाची झाल्यावर काजू, शेंगदाणे, नारळ, सोयाबीन यांची तपासणी झाली. ते चालतात असं कळल्यावर माझा स्वयंपाक सुरू झाला. वेगळा मिक्सर, वेगळी पातेली, वेगळी गाळणी. सगळं वर गच्चीजवळच्या खोलीत.

सायीला सोपं पडतं. काजू भिजवून थोड्याच पाण्यात गंधासारखे वाटायचे. नाहीतर नारळाचं पहिलं, दाट दूध फ्रिजमध्ये ठेवायचं, वर घट्ट थर येतो, तो काढून घ्यायचा. दह्याला मात्र विरजण चालत नाही, कारण विरजणातही दूधच. मग शेंगदाण्याचं दूध कोमट करून त्यात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून ठेवायचे. पहिलं दही कडवट लागतं. त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावलं की ते बरं लागतं. सोयाबीनच्या दुधात लिंबू पिळून पनीर होतं, पण दाणे भिजवल्यावर सालं काढली नाहीत तर वास जात नाही.

चीजनं मला रडवलं. शर्वरीनं शेजारच्या वाढदिवसाला पिझ्झा बघितला होता. तिला खायचा नव्हता, तिला ती तार ओढायची होती. मी काजू वाटून त्यात लिंबू, मीठ घालून चायना ग्रासबरोबर शिजवलं. वडी पडली, किसताही आली, पण तव्यावर वितळेना. दुसऱ्या वेळी भिंतीच्या भेगा बुजवाव्यात असं काहीतरी झालं. शेवटी साबुदाण्याचं बारीक पीठ काजूच्या दुधात घालून मंद आचेवर घोटत राहिले. एकदम ते चकाकायला लागलं आणि पळी उचलली तर मागं तार आली. शर्वरीनं ती हातभर ओढली. त्या दिवशी मी खरंच सुखात होते.

सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "आसलं खाऊन जगण्यापरीस..." पुढचं त्यांनी गिळलं. मी ते गिळलं नाही. अजून लक्षात आहे.

शर्वरी तीन वर्षांची असताना दिवाळीत ते घडलं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी वर करंज्या तळत होते. ती कधी खाली गेली कळलं नाही. आप्पांनी तिला गल्ल्याजवळ बसवून पेढा भरवला. मुद्दाम. थोडं थोडं देत गेलं की सवय होते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

ती जिना चढून आली तेव्हा खोकत होती. आवाज घोगरा झाला होता. पापण्या सुजून डोळे मिटले होते. "आई, घसा" एवढंच म्हणाली आणि ओकली. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ॲलर्जीची शेवटची पायरी. श्वासनळी सुजते, रक्तदाब उतरतो, आणि वेळ फार थोडा असतो.

ॲड्रिनलिनचं इंजेक्शन घरात होतं. ते मांडीत द्यायचं असतं. सांगलीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी मला मोसंबीवर टोचायला लावून शिकवलं होतं. हातांना शिकवलेलं आठवत होतं. मी फ्रॉक वर केला आणि सुई घातली. मग तिला उचलून धावत सुटले. दुकानातली गर्दी बाजूला होईना. आम्ही पेढे घ्यायच्या रांगेतून वाट काढत रिक्षापर्यंत गेलो.

दवाखान्यात दुसरं इंजेक्शन, ऑक्सिजन, सलाइन. डॉक्टर म्हणाले, "घरी दिलंत म्हणून इथपर्यंत पोचली." त्या सिस्टरला मी आजही दिवाळीला फोन करते. या सगळ्यात आभार मानावेत अशी जी थोडी माणसं आहेत, त्यात ती पहिली.

रात्रभर महेश आणि मी आयसीयूबाहेर बसलो. सकाळी आप्पा आले. बाकड्यावर बसले, टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"येवढुसा तुकडा हुता," ते म्हणाले. "आमी काय इष दिलं न्हाई."

मी महेशकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

शर्वरीला घेऊन मी सांगलीला आले, ती परत राहायला गेले नाही. विश्रामबागेत दोन खोल्या घेतल्या. महेश रविवारी येतो. येताना बॅगेत धुतलेले कपडे आणतो आणि दारातूनच आंघोळीला जातो. आमचं भांडण झालेलं नाही. कधीकधी वाटतं, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी तपासणीला गेले होते. वेटिंग रूममध्ये तासगावची एक बाई भेटली. तिच्या मुलाला हाच त्रास होता. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "ताई, साताऱ्यात एका दुकानात बिनदुधाचे पेढे मिळायला लागलेत. काजू-नारळाचे. भावाला सांगितलंय, यंदा पोराला पहिल्यांदा पेढा मिळंल."

मी दुकानाचं नाव विचारलं. ते आमचंच होतं.

काजू-नारळाचे पेढे मी शर्वरीसाठी करायचे, ती कृती माझी होती. सासूबाईंनी वरच्या खोलीत उभं राहून बघितलेली. मी त्या बाईचा हात धरून म्हणाले, "त्या पेढ्याला हातसुद्धा लावू देऊ नका." मग शर्वरीला आईकडं सोडलं आणि मिळेल त्या एसटीनं सातारा गाठलं.

दुकानावर हिरवा बोर्ड होता. "दुधाविना पेढे. ॲलर्जी असणाऱ्यांसाठी खास." आप्पा गल्ल्यावर होते.

"कुठल्या कढईत करता?" मी विचारलं.

"कढई काय चार ठेवायच्या हायेत? घासून घेतो की."

"परातही तीच? हातही तेच?"

"गिऱ्हाईक मागतंय, आमी देतोय. तुझंच बघून केलंय. तुला तर आनंद व्हायला पायजे."

"आप्पा, कोणाचं तरी पोर मरेल."

"तुझी मेली का?" ते म्हणाले.

महेश आतून पेढ्याची परात घेऊन येत होता. तो दारातच थांबला. मग त्यानं परात खाली ठेवली, स्टूल ओढलं, वर चढला आणि बोर्ड उतरवला. खिळे उपसताना भिंतीचा गिलावा पडला. आप्पा ओरडले, "म्हेश, खाली उतर!" तो उतरला, पण बोर्ड घेऊनच. आत जाऊन त्यानं तो मोडला. आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला.

तेव्हापासून आप्पा आम्हा दोघांशी बोलत नाहीत. महेश अजून तिथंच काम करतो. मी त्याला माफ केलं का, असं बहीण विचारते. मला माहीत नाही. त्या दिवशी मला रडू आलं, एवढं खरं. फार उशीर झाला होता, हेही खरं.

ज्यांच्या घरी हे नव्यानं आलं आहे त्यांना सांगते. आजार अवघड आहे, पण तो सांभाळता येतो. डबा वेगळा ठेवा, पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून द्या, सुई टोचायला शिका. एवढं जमतं. माणसांचं मात्र काही जमत नाही. जो अपाय करेल तो बहुधा प्रेमानंच करेल. त्याच्याशी वाईटपणा घ्यायची तयारी ठेवा. चांगली सून राहून मुलगी वाचत नाही.

या उन्हाळ्यात शर्वरीची पुन्हा रक्ततपासणी झाली. ती आता सहा वर्षांची आहे. ॲलर्जीचा आकडा खाली यायला हवा होता, तो वर गेला होता. डॉक्टरीणबाई तिच्यासमोरच म्हणाल्या, "बहुतेक हे राहणार."

घरी येताना ती रिक्षात तोंड फिरवून बाहेर बघत होती. मला वाटलं, आइस्क्रीमची गाडी दिसली म्हणून असेल. घरी आल्यावर तिनं चप्पल काढली, हात धुतले आणि स्वयंपाकघरात स्टूल ओढलं.

"मला साय करायला शिकव. दही पण. ते तारेचं चीज पण."

"मी आहे ना," मी म्हणाले. "मोठी झालीस की शिकवेन."

"आत्ताच शिकव," ती म्हणाली. "मला स्वतःला आलं, म्हणजे कुणावर विश्वास ठेवायला नको."

मी काजूचा डबा खाली काढला आणि तिच्यापुढं ठेवला.