दहा बोटं होईपर्यंत गप्प

मुलांना बोलायला शिकवायच्या क्लिनिकमध्ये मी मावशी आहे. कर्वेनगरात, दुसऱ्या मजल्यावर. फाइलमध्ये मुलांची नोंद होते, मोठ्यांच्या प्रतापांची कोण ठेवणार? ते माझ्या डोक्यात साचतात. दोन सांगून मोकळं व्हावं, तर दारात चप्पल काढत तिसरा उभा! शिक्षण चौथी, पण डोळे शाबूत आहेत. आणि एका जागी बसवत नाही, त्यामुळे जरा जास्तच दिसतं.

*

आधी मी टीबीच्या दवाखान्यात होते. तिथे गोळी हातात देऊन "घ्या हं" म्हणायची पद्धत नव्हती. समोर गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, मग घरी.

इथे आले, तर मुलांना शिकवणाऱ्या मॅडम घरी करायला सराव देणार, रोज दहा मिनिटं. पुढच्या आठवड्यात विचारलं की सगळे, "हो हो, केला ना!" मूल मात्र जिथल्या तिथे.

मी म्हटलं, "मॅडम, सराव म्हणजे गोळीच की. समोर गिळायला लावा."

मॅडमना पटलं. आत जायच्या आधी आईबापांनी बाहेर माझ्यासमोर सराव करायचा, असा नियम झाला.

पहिल्याच दिवशी एक आयटीवाले बाबा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "झाला सराव."

माझी जुनी सवय! "तोंड उघडा," म्हटलं.

उघडलं की हो त्यांनी!

*

मग मॅडमनी तक्ता काढला. शुगरचे पेशंट रोजची शुगर लिहितात ना, तसा. सराव झाला की त्या दिवसापुढे टिक.

एका आईने तक्ता आणला. सोमवार ते रविवार सात टिका, सगळ्या एकाच हिरव्या पेनाने.

"अहो ताई, शनिवारीसुद्धा केला सराव?"

"म्हणजे काय! एक दिवस चुकवला नाही."

"आज गुरुवार आहे."

ताई जराही हलल्या नाहीत. "प्लॅनिंग आहे ते."

*

पण माझा जीव अडकला होता सईत. चार वर्षांची. कान तपासून झालेले, ऐकू छान येतं, पण तोंडून एक शब्द नाही. आजोबा तिला मांजरी गावाहून दोन बस बदलून आणायचे. बापाने सांगून टाकलं होतं, महिनाअखेर फरक दिसला नाही तर येणं बंद.

आणि आजोबा? मॅडमनी चित्र दाखवून सईला "हे काय?" विचारलं की मागून आवाज, "गाय हाय, गाय! आमच्या गोठ्यात दोन हायेत."

मी म्हटलं, "मॅडम, यांना बाहेर बसवा."

"बाहेरूनही ऐकू येतील, मावशी."

*

खालच्या मजल्यावर फिजिओचा दवाखाना आहे. किल्ली द्यायला गेले, तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी खुर्चीतून उठत होत्या. लेक धरायला धावली.

फिजिओ ओरडले, "हात मागे! तुम्हीच उठवलंत तर त्यांचा गुडघा कधी काम करणार?"

मी धापा टाकत वर आले आणि मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून नवा नियम. सईने कशाकडे पाहिलं की मॅडम एकेक बोट उघडणार. दहा बोटं होईपर्यंत मोठ्यांचे हात मागे, तोंड बंद.

आजोबा, म्हणजे सईचे आबा, म्हणाले, "धा? तवर पोरगी तहानंनं मरंल की!"

ते तिसऱ्या बोटाला फुटले. पुढच्या खेपेला चौथ्या. मी कुजकट हसले.

खोटं कशाला सांगू, त्याच दिवशी सईने बाटलीकडे पाहिलं, आणि सहाव्या बोटाला पाणी देऊन मोकळी झाले ती मीच.

"मावशी, हात मागे!"

*

महिन्याचा शेवटचा शुक्रवार. संध्याकाळी बाप ठरवणार होता. आबा आले ते गप्पच. बाकावर बसले, हात मागे, ओठ घट्ट.

सईने बाटलीकडे पाहिलं. मॅडमचं एक बोट. दोन. पाच. मी पदराचा पिळा करून करून त्याची दोरी केली. आठ. नऊ. दहा. मॅडमचे दोन्ही पंजे उघडे, पुढे मोजायला बोट नाही.

आबा तरीही गप्प.

सईने बाटलीचा नाद सोडला. बाकावर चढली. दोन्ही हातांनी आजोबांची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

"आबा, बोल."

आणि आबांना बोलताच येईना.