कोळशाचे तास

बुधवार, १० जानेवारी १९६२, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. दौंड स्टेशनमागच्या ओतारखान्यात हजेरी संपवून मी टेबलाशी बसलो, तोच मालकांनी सरकारी फॉर्म पुढे टाकला. मी तेथे टाइमकीपर होतो. नांगराचे फाळ आणि उसाच्या चरकाचे भाग आम्ही ओतत असू. फॉर्म दर सहामाहीस पुण्याहून येई. कामगारास तासाला किती मजुरी पडते, एवढेच त्यात मुख्यतः विचारलेले असे. अशा आकड्यांवरून कारखान्यांतील मजुरी चढली की उतरली, हे सरकार ठरवीत असे.

आमच्याकडे तास नव्हता, रोज होता. ओताऱ्याला दिवसाचे तीन रुपये. त्यांना मी आठाने भागत असे आणि साडेसदतीस नवे पैसे लिहीत असे. चार वर्षे तेच लिहिले.

या खेपेस मात्र फॉर्मवर वाढ अडली होती. ओताऱ्यांनी रोजात आठ आणे वाढवून मागितले होते. मालक सर्वांसमक्ष म्हणाले होते, “पुण्यात तासाला सदतीस पडतात. आपल्याकडे त्याहून कमी निघाले, तर देतो.” सर्वांत जुने ओतारी म्हणजे वडगाव रासाईचे मामा. भीमेची वाळू मुठीत दाबून ती साच्यास चालेल की नाही, ते सांगत. वाढ न मिळाल्यास साचेकाम सोडून स्टेशनवर हमाली धरायची, असे त्यांनी ठरवले होते.

ते दारात येऊन उभे राहिले.

“भाऊसाहेब, आठच लिवनार का?”

“दिवस आठ तासांचाच आहे, मामा.”

“व्हय? मंग काल मी कवा घरी ग्येलो, ते माज्या बायकूला इचारा. ती म्हनती, त्या भट्टीसंगंच लगीन लावायचं हुतं.”

आठवड्यातून तीन दिवस लोखंडाचा रस ओतला जाई. शेवटचा साचा भरेपर्यंत कोणी हात धुवायचे नाहीत, अशी रीत होती. त्या दिवशी तीन तास अधिक जात. त्याबद्दल चहा आणि गूळ-शेंगदाणे मिळत. त्या वेळेला कोणी काम म्हणत नसे. मीही नाही.

मामा गेल्यावर मी भट्टीची वही काढली. कोळसा किती जळतो ते कळावे, म्हणून भट्टी पेटल्याची आणि शेवटचा साचा भरल्याची वेळ मी तिच्यात नोंदवीत असे. अक्षर माझेच. कोळशाचे तास माझ्याकडे मिनिटापर्यंत होते. माणसांचे नव्हते.

आठवड्याचे अठरा रुपये. तास अठ्ठेचाळीस नव्हेत, सत्तावन्न. भागाकार मी शिरूरच्या मिशनच्या शाळेत शिकलो होतो. तो दोनदा केला. साडेएकतीस नवे पैसे.

वही आणि कागद मालकांपुढे ठेवले. त्यांनी बेरीज बोटाने तपासली.

“कायदा अठ्ठेचाळीसचा. सत्तावन्न तास लिहून फॅक्टरी इन्स्पेक्टरला जेवायला बोलावताय का?”

“आकडा खरा आहे.”

“खरा आहे म्हणूनच म्हणतो. पुढच्या महिन्यापासून आठ आणे देतो. शब्द दिला आहे. पण फॉर्मात आठ तासच लिहा. नाहीतर टेबल मोकळे करा.”

मी आठ लिहिले.

दुपारच्या सुटीत मामांना वाढीचे सांगितले. त्यांनी डोक्याचे फडके सोडून तोंड पुसले.

“आन् तास?”

“आठच.”

“म्हंजी सरकारच्या दप्तरी मी रोज पाचलाच घरी जातो. बायकूला दावा की त्यो कागूद.”

ते हसले. मला हसता आले नाही. साडेतीन रुपये रोज धरून नवा भागाकार मी केलेला होता. सत्तावन्न तासांवर सदतीस पैसेही पुरते पडत नव्हते. वाढीनंतरचा तासाचा खरा दर वाढीपूर्वी लिहिलेल्या दराहून कमीच राहिला. पुढच्या फॉर्मात मी आठानेच भागून पावणेचव्वेचाळीस लिहिले. त्या साली मजुरी चढली असे कोठे छापले गेले असेल, तर त्यात आमचाही आकडा असणार.

त्या बुधवारी रस ओतायचा नव्हता. पाचला खरोखरच सुटी झाली. मी लिफाफा स्टेशनच्या टपालपेटीत टाकला, परत आलो, दुसऱ्या दिवशीच्या भट्टीसाठी कोळसा तोलून ठेवला आणि वजन वहीत लिहिले.