आईनं पाहिलेली पाणबुडी

आमच्या आईनं विशाखापट्टणमच्या समुद्राला टॉवेल-टोपीचा आहेर केला, ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात आता सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाकार्यात अजून कुणीतरी विचारतंच, "मामी, समुद्राला टोपी बसली का?" आणि आई न लाजता सगळं साग्रसंगीत सांगते. पण त्याच सकाळी, तिथून हाकेच्या अंतरावर पुढं जे झालं, ते आम्ही तिघांनी कुणाला सांगितलेलं नाही. दादाचा तसा स्वभाव नाही. आई मला पाठीशी घालते. म्हणजे राहिले मी, आणि चूकही माझीच होती.

आम्ही मूळचे लासूर स्टेशनचे. दादाच्या बारशाला गुरुजींनी पत्रिका मांडून सांगितलं होतं, याला पाण्याचा घात आहे, जपा. आईनं इतकं जपलं, की गावची पोरं विहिरीत उड्या मारायची तेव्हा दादा काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचा. कायगावला गंगेवर गेलो (गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात), तर सगळे डुबकी मारायचे आणि त्याच्या डोक्यावर आई दोन तांबे ओतायची. वडील मी चौथीत असताना गेले. त्यानंतर हे जपणं आणखी वाढलं.

असा मुलगा नौदलात गेला. जाताना आईला सांगून गेला की बंदरावरच्या ऑफिसात कागदांचं काम आहे. तेवढं खोटं त्याचं. नाहीतर तिनं सोडलंच नसतं.

आईला अक्षरओळख नाही. दादाचं पत्र आलं की ती सूप घेऊन बसायची, मी वाचायची, ती तांदूळ निवडत ऐकायची. पत्राच्या दिवशी घरात गोड व्हायचं. मी दहावीत होते तेव्हा एक जाड पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'माझी पाणबुडीवर निवड झाली आहे. सगळ्यांची होत नाही. मला आता चांगलं पोहता येतं. आईला नीट समजावून सांग. तिच्याशी खोटं बोलून आलो, ते मला खुपतं आहे.'

मी मान वर केली. आई म्हणाली, "थांबलीस का? काय म्हनतोय?"

मी म्हणाले, "ठीक आहे म्हणतोय. ऑफिसात नवीन पंखा बसवलाय."

पंखा माझ्या तोंडून कसा निघाला, मला माहीत नाही. आईला त्याचं फार बरं वाटलं. पुढं कित्येक वर्षं कडक ऊन पडलं की ती शेजारणीला सांगायची, "आमच्या बाळाला काय नाय, त्याला डोक्यावर पंखा हाय." त्या दिवशी तिनं पुरण शिजवलं. पोळ्या खाऊन झाल्यावर मी दादाला उत्तर लिहिलं : 'आईला सांगितलं. तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. सुट्टीवर आलास की तिच्यापुढं तो विषय काढू नकोस.'

हे मी का केलं? आई घाबरेल म्हणून, असं मी स्वतःला तीस वर्षं सांगत आले. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की एवढी मोठी गोष्ट घरात फक्त मला माहीत आहे, याची मला गोडी लागली. त्यानंतर दादा पत्रात माझ्यासाठी वेगळं पान घालायचा. पाण्याखाली दिवस-रात्र कशी कळते, दोन माणसं एकाच बिछान्यावर पाळीनं कशी झोपतात, वर आल्यावर पहिली हवा कशी लागते. मी ते पान भूगोलाच्या पुस्तकात ठेवून परत परत वाचायची. माझा भाऊ समुद्राखाली होता, आईचा मुलगा पंख्याखाली.

सुट्टीत तो यायचा. आई विचारायची, "हपिस कसं हाय?" त्याला वाटायचं, हिला त्या कामाचं नावही सोसत नाही, म्हणून ही मुद्दाम ऑफिस म्हणते. तो म्हणायचा, "चाललंय." वर्षभराच्या कामाबद्दल मुलगा आईशी एवढंच बोलायचा आणि मी दोघांना भाजी वाढायची. पुढं वहिनी आली. तिलाही त्यानं बजावून ठेवलं. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत फौजेतल्या मुलांच्या आयांना पुढच्या खुर्च्यांवर बसवून खण-नारळ द्यायचे. आई मागं सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायची. एकदा येताना म्हणाली, "आपला काय बंदूकवाला नाय. पन सुखात हाय ना." मी तेव्हा डी.एड. करत होते. लहान नव्हते. तरी बोलले नाही.

वर्षं अशी गेली. दादा निवृत्त होऊन परत आला, शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला, आईला संभाजीनगरला आपल्याकडं घेऊन आला. मीही शहरातच, शाळेत शिकवते. एक दिवस आईनं काढलं, "समुद्राजवळ राहून पोरगं धड परत आलं. मी नवस बोलले होते समुद्राला. आता जाऊन यायला पायजे." दादाला तिकडं जुन्या सोबत्यांना भेटायचंच होतं. वहिनीला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघं निघालो.

सिकंदराबादपर्यंत गाडीत एकच चर्चा. आईनं पिशवीत नारळ, तांदूळ आणि हिरवा खण घेतला होता, गंगेची ओटी भरतात तसा. दादा म्हणाला, "आई, समुद्र पुरुष आहे. त्याची ओटी कशी भरशील?"

आई विचारात पडली. समोर परभणीच्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय की. बाप्याला खण देतेत व्हय?"

"मग काय द्यायचं?"

"टावेल-टोपी द्या. जावयाला देतेत तशी."

दादा गमतीत बोलला होता, पण आता इलाज नव्हता. गाडी बदलताना स्टेशनबाहेर तो टॉवेल-टोपी शोधत हिंडला. टॉवेल मिळाला, पांढरी टोपी कुठं मिळेना. शेवटी आईनं स्वतःच्या पिशवीतून एक टोपी काढली. आमच्या वडिलांची होती; त्यांनाही समुद्र दिसावा म्हणून तिनं सोबत घेतली होती. दर वर्षी पितरांना पान वाढलं की ती पानाजवळ ठेवायची.

"ही देतेस?" मी म्हणाले.

"त्यांचाच लेक सांभाळला ना त्यानं. मग त्यांचीच देते."

सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. शहात्तर वर्षांच्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. मग म्हणाली, "पलीकडचा काठ दिसंना." लुगडं जरा वर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात गेली, टॉवेलाची घडी आणि त्यावर टोपी ठेवून सोडली, हळदकुंकू वाहिलं. लाट आली, टॉवेल घेऊन गेली आणि टोपी आईच्या पायाशी आणून टाकली. तिनं परत सोडली. परत आली. तिसऱ्यांदाही तेच.

"बसंना जनू त्याला," आई म्हणाली.

"डोकं मोठं आहे त्याचं," दादा म्हणाला. आई इतकी हसली की तिला धरावं लागलं. चौथ्या वेळी टोपी गेली. तिनं हात जोडले आणि जावयाला निरोप देतात तसं म्हणाली, "या परत."

रस्त्याकडं वळलो तर समोर ती होती. काळी, लांबच लांब, काठावर सिमेंटच्या ओट्यांवर चढवून ठेवलेली. मला ठाऊक होतं ती तिथं आहे. दादानं गाडीतच मला हळूच सांगितलं होतं, की त्यानं ज्या पाणबुडीवर नोकरी केली, तिचंच आता संग्रहालय झालंय. आणि हेही, की "आईला बाकावर बसवू, आपण दोघं पटकन बघून येऊ."

आई कपाळावर हात धरून बघत होती. लासूरला मालगाड्या बघण्यात तिचा जन्म गेला. म्हणाली, "एवढी मोठी तेलाची टाकी रेतीत कशी काय आली?"

"आई, तू इथं बस," दादा म्हणाला. "आम्ही आलोच. तुला नाही आवडायचं ते."

"का नाय आवडायचं? काय हाय आत?"

दादा माझ्याकडं बघायला लागला. तीस वर्षं जपलेली भीती होती त्याच्या तोंडावर. त्रेपन्न वर्षांचा माणूस, केस पिकलेले, आणि आईपुढं एका वस्तूचं नाव घ्यायला घाबरत होता. त्याला वाटत होतं, आता हिला सगळं आठवेल आणि सकाळची मजा जाईल. मी अजूनही सहज निसटले असते. 'जुनी बोट आहे आई,' एवढं म्हटलं असतं तरी ती बाकावर बसली असती. शब्द तोंडात आलेही होते.

मी म्हणाले, "आई, दादा ऑफिसात नव्हता. तो यात होता. ही पाण्याखालून चालते. त्यानं मला पत्रात लिहिलं होतं तुला सांग म्हणून. मी वाचलं नाही."

मग दादाकडं वळले. "आणि आईनं अन्न सोडलं नव्हतं. तिला काही माहीतच नव्हतं. त्या दिवशी तिनं पुरणपोळी केली होती. तुझं पत्र आलं म्हणून."

फुगेवाला शेजारून गेला. दादा खाली बाकावर बसला. तिथूनच म्हणाला, "पुरणपोळी?"

"हो."

"मी त्यानंतर महिनाभर नीट जेवलो नाही गं," तो म्हणाला. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. ते रागापेक्षा जड होतं.

आई माझ्याकडं बघत नव्हती. तिनं विचारलं, ते त्याला. "यात? पान्याखाली?"

"हो आई."

"किती दिस?"

"कधी आठवडा, कधी पंधरा दिवस. एकूण सात वर्षं."

"तुला पवता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"अठरा वर्षांचा होतो तेव्हापासून."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग पिशवी माझ्या हातात दिली, चपलेतली रेती झटकली आणि दादाला म्हणाली, "चल, दाव." मीही निघाले तशी म्हणाली, "तू बस इथंच. आता वाचून दावायला मानूस नको मला."

मी बसले. ती दोघं जिना चढून पोलादी पोटात दिसेनाशी झाली. लोक येत होते, जात होते. वीस मिनिटांत बाहेर पडतात तिथून. ही दोघं तासभर आली नाहीत. माझं काय होणार याची धास्ती होतीच. तरी सांगायला हवं, की त्या बाकावर मला विलक्षण हलकं वाटत होतं. शेंगदाणे घेतले आणि ते मला चक्क गोड लागले.

ती दोघं पलीकडच्या टोकानं उतरली तेव्हा दादा बोलत होता. हातवारे करून, न थांबता. मी त्याला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मागून तिथला म्हातारा गाईड आला. तोही जुना नौसैनिक, दादाला ओळखणारा. त्यानं आईच्या पाया पडून हिंदीत सांगितलं, "अम्मा, यह आदमी इंजन की आवाज सुनकर बीमारी बता देता था." आई म्हणाली, "लहानपनी पन असाच हुता. म्हशीचं पोट ऐकायचा."

थोडं पुढं रस्त्याकडेलाच लढाईत न परतलेल्यांचं स्मारक आहे. आई तिथं थांबली, दादाकडून समजून घेतलं, उरलेलं हळदकुंकू वाहिलं. हात जोडलेलेच ठेवून मला म्हणाली, "याचं नाव हितं लागलं असतं, तर मला काय वाचून दावलं असतंस?"

मला रडू फुटलं. ते थांबेपर्यंत ती उभी राहिली. जवळ घेतलं नाही. मग म्हणाली, "तू बघितलीस का आतून?"

"नाही."

"चल मग."

दादाही निघायला लागला. आई म्हणाली, "तू दम खा. तुझं सांगून झालं." आणि माझं मनगट धरून तिनं मला तिकिटाच्या खिडकीपाशी नेलं.

आत गारवा होता आणि तेलाचा जुना वास. गोल दारातून आधी पाय, मग डोकं घालून कसं जायचं, हे तिनं मला शिकवलं. "वाक, वाक. लई ताठ हायस तू." लांबलचक टॉर्पेडो दाखवून म्हणाली, "ह्या पान्यात पळनाऱ्या बंदुका. ह्यांना दोन बायका लागतेत उचलायला." भिंतभर चाकं आणि नळ होते. "हे समदे आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखे. तो हिकडं बसायचा. न्हाय, तिकडं." पाण्याबाहेर बघायच्या दुर्बिणीला तिनं धुराडं म्हटलं. स्वयंपाकघर कपाटाएवढं होतं. तिथं ती जास्त वेळ थांबली. "हितं साठ-सत्तर मानसांच्या पोळ्या. हात पोळत असतेल रं बापा." मग एका अरुंद बिछान्यापाशी आली, तळव्यानं तो दाबून पाहिला. "आन हा त्याचा. एक उठला की दुसऱ्यानं निजायचं. आंथरून गरमच सापडायचं म्हनला."

ते मी दहावीत असताना वाचलं होतं. पाठ होतं मला. भिंतीवर प्रत्येक यंत्राच्या नावाची पाटीही होती, आणि तिनं सांगितलेल्यातलं निम्मं चुकीचं होतं.

"हो का?" मी म्हणाले. "आणि ते लाल चाक कशाचं गं आई?"

"थांब, सांगते," ती म्हणाली.