सत्तारवाली खाला

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्या घरांची गुपितं ठाऊक असलेली एकच बाई होती, आणि तिच्या तोंडून कुणाबद्दल कधी एक अक्षर बाहेर पडलं नाही. कुणी मुसलमान बाई वारली की तिला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, घालायला हिलाच बोलावणं जायचं. बोरीचा पाला टाकलेलं पाणी तापेपर्यंत ती चुलीपाशी बसून 'या सत्तार, या सत्तार' असं पुटपुटत राहायची. म्हणून ती सत्तारवाली खाला. खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच.

आमच्या घरात उर्दू चालायची, पण खाला घनसावंगीकडच्या खेड्यातली. तिची जीभ मराठीतच मोकळी व्हायची. शाळेत असताना मी तिला विचारलं होतं, अल्लाहची इतकी नावं आहेत, सगळे रहमान म्हणतात, रहीम म्हणतात, मग तू हे एकच का धरून बसलीस? "सत्तार म्हंजे झाकणारा," ती म्हणाली. "त्याला समद्यांचं समदं दिसतंय, पण कुठं बोभाटा करत न्हाई. माझं काम चादरीचं हाय बेटा. मंग दुसरं कोणतं नाव घेऊ?" मयताच्या अंगावर चादर घालून, हाताला फडकं गुंडाळून, ती चादरीखालूनच धूत असे. बाहेर येऊन चांगलं असेल तेवढं सांगायची, बाकीचं पोटात ठेवायची.

जिवंत माणसांशीही ती तशीच वागायची. एका ईदला मी पहिल्यांदाच शीरखुर्मा केला आणि साखरेच्या जागी मीठ घातलं. पाहुणे बैठकीत येऊन बसलेले. खालानं चमचाभर चाखला, माझ्याकडे पाहिलं, आणि पातेलं उचलायला गेली ते थेट मोरीतच पालथं केलं. अम्मीनं तिला सगळ्यांदेखत चांगलंच फैलावर घेतलं. "वय झालं माझं, हात थरथरून राह्यले," असं म्हणत ती फरशी पुसत बसली. तेव्हा तिचे हात दगडासारखे स्थिर होते. बायकांना मात्र तिचा कंटाळा यायचा. जिच्याकडे कुणाची निंदा करता येत नाही, तिच्याजवळ बसून करायचं काय?

माझं आणि तिचं बिनसलं ते अम्मीवरून. मी राजूरच्या शाळेत मास्तरीण होते, आठवड्याला एकदा घरी यायचे. अम्मी सहा महिने 'थकवा आहे' म्हणत होती. डावा हात वर उचलत नव्हती, ओढणी अंगाशी घट्ट धरायची, डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलायची. मलाही शाळेच्या परीक्षा होत्या. एका बुधवारी फोन आला. मी पोचले तेव्हा गुस्ल होऊन गेला होता.

अम्मीच्या चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर मी खालाकडे गेले आणि सरळच विचारलं, "अम्मीच्या छातीत गाठ होती का? जखम होती का?"

"चेहरा शांत होता तिचा," ती म्हणाली.

"खाला, मी तिची मुलगी आहे."

"म्हणूनच सांगत न्हाई."

मी नको ते बोलले. तुझा सत्तार मेलेल्यांचं झाकतो आणि जिवंत माणसाला जाळत ठेवतो, असं म्हणाले. मी उठले, आणि दोन वर्षं तिच्या दाराची पायरी चढले नाही. अम्मी किती सोसत होती आणि मला ते दिसायला हवं होतं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

मग एक दिवस तिच्या सुनेचा फोन आला. "आपा, तुम्ही या. अम्मा अंथरुणाला खिळल्या, आन् आता बोलून राह्यल्या." बोलून म्हणजे सगळंच. खालाचं भान गेलं होतं. कुणाच्या सासूच्या पाठीवर काय होतं, कुणाच्या पोटावर काय होतं, नावानिशी सांगत होती. पहिल्या दिवशी बायका दचकल्या, दुसऱ्या दिवसापासून भेटायला म्हणून येऊ लागल्या. जन्मात जिच्याकडे कुणी फिरकलं नाही, तिच्या उशाशी चहाचे कप घेऊन बसू लागल्या. एका घरात त्यावरून भांडणही झालं.

मी गेले ती काही तिच्या काळजीनं नाही. मी अम्मीसाठी गेले होते. खोलीत पाच-सहा जणी होत्या. खालानं मला ओळखलं नाही. भिंतीकडे बघत बडबडत होती, आणि बोलता बोलता म्हणाली, "मेहरूनच्या डाव्या..."

मेहरून माझी अम्मी. बायका पुढे सरकल्या. माझा हात कसा गेला मला कळलं नाही, मी तिच्या तोंडावर तळवा दाबला. तिचे कोरडे ओठ हाताखाली हलत होते आणि मी दाबून धरलं होतं. ओठ थांबल्यावर मी बायकांना जायला सांगितलं. एकीनं विचारलं, "तुला ऐकायचं न्हाई का?" मी दार लावून घेतलं.

रजा टाकून मी तिथंच राहिले. सुनेनं बाहेरचं बघितलं, आत मी. दाराशी कुणी आलं की खाला झोपली आहे म्हणून सांगायचं. तिचं बोलणं चालूच होतं, या गल्लीतल्या कितीतरी बायकांचं मी ऐकलं आणि ते आता माझ्यापाशी आहे. ती गेल्यावर गुस्ल मीच दिला.

पण लोक मला जेव्हा म्हणतात की तू खालाची लाज राखलीस, तेव्हा मला मान वर करवत नाही. दार बंद असलेल्या त्या नऊ दिवसांत खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्या तोंडावर पुन्हा हात ठेवला नाही. उलट कान तिच्या ओठांशी नेऊन बसायचे. अम्मीचं नाव तिनं पुन्हा घेतलं नाही.