वानझेनबाई वाट विसरल्या

चीनमधल्या सुचौ शहरातल्या एका जुन्या बागेत शाळेची मुलं आली, की त्यांना फिरवायचं काम छिउ वानझेनबाईंकडे असे. चौथीला भाषा शिकवून निवृत्त झालेल्या बाई. पुस्तकात जे मुलांच्या डोक्यावरून जाई, ते त्या बागेत दाखवत. भिंतीत जाळीची खिडकी कशाला, तळ्यावरचा पूल वाकडा का. "सरळ असता तर तुम्ही धावत सुटला असता, एक मासा पाहिला नसता," असं म्हणाल्या की मुलं खिदळत.

त्या सकाळी गोल दारातून बाई पलीकडच्या चौकात आल्या आणि थबकल्या. पांढरी भिंत, बांबू, तीन बाजूंना दारं. हा चौक त्यांना ओळखूच येईना. मागे वळल्या, तर आल्या ते दारही परकं. याआधी घराची गल्ली चुकली होती, पण ते त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं.

"बाई, आता कुठं?"

"तुम्हीच सांगा की!" त्या कसंबसं हसल्या.

मुलांना तेवढंच हवं होतं. आरडाओरडा करत ती डावीकडून सुटली आणि दगड रचून केलेल्या बागेतल्या डोंगराच्या भुयारात शिरली. बाई मागोमाग. आत अंधार, ओले दगड. हसण्याचे आवाज वरून, खालून, कुठूनही. डोंगराला लागून खोल तळं आहे, हे त्यांना लख्ख आठवलं. कुठल्या अंगाला, ते आठवेना.

"परत या! सगळे परत या!" आवाज चिरकला.

"बाई भूत झाल्या रे!" आतून कुणीतरी ओरडलं.

यिननिंग नावाची मुलगी त्यांची बाही धरून होती. "बाई, तुम्ही थरथरताय. आपण हरवलो?"

"मी हरवले गं," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

पोरीनं भोकाड पसरलं. मागे रेंगाळलेल्या मुलांना घेऊन येणारा वर्गशिक्षक तेंग ते ऐकून धावत आला. एके काळी तोही बाईंचाच विद्यार्थी.

"काय बाई, भुताटकीचा खेळ मांडलात होय?"

सबब आयती चालून आली होती. बाईंनी 'हो' म्हणायला तोंडही उघडलं.

"तेंग, तळ्याकडे पळ," त्या म्हणाल्या. "मुलं तिकडं असतील. मला वाट आठवत नाहीये. खेळ नाही रे हा."

तेंगचं हसू मावळलं. तो पळाला. बाई दगडाला टेकून कान लावून उभ्या राहिल्या. पाण्यात काही पडल्याचा आवाज येईल म्हणून श्वाससुद्धा घेववेना. मग एकेक पोर आलं. कुणाचे गुडघे चिखलानं माखलेले, कुणाचा बूट भिजलेला. सगळी आली.

हे कळल्यावर सुनेनं बाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, विस्मरणाची सुरुवात आहे. औषधानं फार तर वेग कमी होईल.

"तुम्ही बसून शिकवा, फिरवतो मी," तेंग म्हणाला. आता बाई तळ्याकाठच्या दालनात बसतात, मुलं त्यांच्यापुढे येतात. ती समोर असतात तोवर सगळं ठीक असतं. मुलं पुढच्या चौकात गेली, की दालन शांत होतं. तेंग परत येईपर्यंत बाई दारावरची नजर काढत नाहीत.